बोन्सायच्या कुंडीतलं जुनं माती-मिश्रण पुन्हा वापरण्याबद्दल खुलासा

बोन्सायच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अकाडामा, प्युमिस, लाव्हा कधीच खराब होत नाहीत, रिपॉटिंगच्या वेळी (झाड नव्याने कुंडीत लावताना) जुनं मिश्रण धुऊन तसंच भरा.’

प्युमिस आणि लाव्ह्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. ते ज्वालामुखीतले दगडच. अकाडामाचं तसं नाही. ती जपानच्या कांतो भागातली, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली दाणेदार चिकणमाती. साधारण 2-3 वर्षांत दाणे फुटू लागतात, गाळ कुंडीच्या तळाशी बसतो, पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात.

खात्री घरीच करता येते. जुना ओला दाणा चिमटीत दाबा. चिखल झाला तर तो बागेतल्या वाफ्यात टाका. उरलेलं आधी पूर्ण वाळवा, मग 2 मिमीच्या चाळणीने चाळा (ओलं चाळलंत तर जाळी बुजते आणि डोकं फिरतं). वर राहिलेलं धुऊन कडक उन्हात वाळवा. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडेही असेच पुन्हा चालतात, कच्च्या विटेचे नाही. मूळकुज होऊन मेलेल्या झाडाचं मिश्रण मात्र मी सरळ टाकून देते.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.