'पिन बसली की चालतं' म्हणणाऱ्या नेरूळकरांना

नेरूळकर, नेटवर्कच्या केबलमधूनच ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या डब्याला, पुढे नुसतं एपी) वीज देण्यावरच्या, म्हणजे पीओईवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'ठाण्यात बसून थिअरी पाजळणं सोपं आहे' अशी सुरुवात केलीत. मतभेद असू द्या, पण पाजळणं वगैरे भाषा मी लेखात कुणासाठीच वापरली नव्हती. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये डक्टमधून केबली ओढण्यातच केस पांढरे झालेत, एवढं सांगतो आणि पुढे जातो. लेख लांबला, हे मात्र मान्य.

आता इंजेक्टरबद्दलचं, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डब्याबद्दलचं, तुमचं ते वाक्य: '24 व्होल्ट काय, 48 काय, इंजेक्टरची पिन बसली की ॲक्सेस पॉइंट चालतोच.'

पिन बसणारच हो, नेटवर्क केबलची आरजे-45 सगळीकडे तीच! 802.3एएफ किंवा एटी या पीओईच्या मानकांचा स्विच आधी 10 व्होल्टच्या आत चाचपून पलीकडे साधारण 25 किलोओहम रेझिस्टन्स दिसतोय का ते बघतो, दिसला तरच 48 व्होल्टच्या घरातली वीज सोडतो. म्हणून चुकून लॅपटॉप लावलात तरी काही होत नाही. पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे अशी चाचणी नसलेला, कुणाला विचारत नाही. केबलच्या 4-5 नंबरच्या तारांवर प्लस, 7-8 वर मायनस, थेट. 48चा पॅसिव्ह 24च्या एपीला लावलात की आतला कन्व्हर्टर गेलाच म्हणून समजा. उलटं केलंत, म्हणजे एएफवाल्या एपीला 24 दिले, तर जळत नाही, पण दिवाही लागत नाही. मग लोक धडधाकट एपी परत करायला निघतात.

'माझा 12 व्होल्टचा अडॅप्टर 30 मीटर केबलवर मस्त चालतो' म्हणता. दुपारी चालत असेल. चांगल्या कॅट-5ई नेटवर्क केबलमध्ये तारांच्या दोन जोड्यांवरून जाऊन-येऊन 30 मीटरला साधारण 2.8 ओहम पडतात. एपीने 1 ॲम्पिअर ओढला की 2.8 व्होल्ट वाटेतच गेले, हातात 9.2. रात्री घरातले सगळे मोबाइल जोडले जातात, एपी रीबूट होतो आणि शिव्या इंटरनेटवाल्याला! तेच 12 वॅट 48 व्होल्टवर पाव ॲम्पिअरमध्ये जातात, घट जेमतेम 0.7. केबल सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल, तर तुमचं गणित आणखी बिघडतं.

12 व्होल्टचाच एपी असेल तर एएफ इंजेक्टर आणि एपीजवळ 12 व्होल्टचा स्प्लिटर (केबलमधली वीज वेगळी काढून 12 व्होल्टवर आणणारा डबा) लावा. जॅक 5.5 × 2.1 मिमी आहे का आणि मधली पिन प्लस आहे का, हे एपीच्या लेबलशी ताडून मगच खुपसा.

ब्रँडच्या जाहिरातीचा वगैरे तुमचा आरोप सोडून देतो. पुढच्या वेळी एपीच्या टोकाला, लोड असताना, मल्टिमीटरने मोजलेला आकडा टाका. 11च्या वर आला तर बोलू.