‘सेट -ई’ लिहिले की स्क्रिप्ट निर्धोक होते, असे नाही

बॅश हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम; त्याच्यासाठी ओळीने लिहिलेल्या कमांडच्या फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. अशा बॅश स्क्रिप्टविषयी एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. सुरुवातीलाच सेट -ई (कमांड फसली की थांबणे), सेट -यू (किंमत न दिलेले व्हेरिएबल वापरले की थांबणे) आणि पाइपफेल (एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या पाइपमधली कोणतीही कमांड फसली की सगळी पाइप फसली मानणे) हे तीन पर्याय चालू करावेत; मग कोणतीही कमांड फसली की स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते, प्रत्येक कमांडचा निकाल (यश म्हणजे शून्य, अपयश म्हणजे दुसरा आकडा) वेगळा तपासावा लागत नाही, पाइपमधली चूक निसटत नाही आणि स्क्रिप्ट थांबलीच तर तिथे चूक आहे हे नक्की समजावे. हे पर्याय मीही वापरतो. आक्षेप आहे तो त्यांच्या नावावर दिल्या जाणाऱ्या हमीला.

‘कोणतीही कमांड फसली की’ हे पहिलेच विधान टिकत नाही. इफ, व्हाइल किंवा अन्टिलच्या अटीतली, उद्गारचिन्हाने उलटवलेली, तसेच && किंवा || च्या (आधीची कमांड अनुक्रमे यशस्वी झाली किंवा फसली तरच पुढची चालवणाऱ्या) साखळीत शेवटची नसलेली कमांड फसली तर शेल थांबत नाही, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातच तशी तरतूद आहे. खरा घोळ असा, की अशा ठिकाणी फंक्शन बोलावले तर ही सूट त्याच्या आतल्या प्रत्येक ओळीला मिळते. समजा, ‘जतन’ नावाच्या फंक्शनची पहिली ओळ सीपीने फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवते आणि दुसरी ओळ आरएमने मूळ फाइल काढून टाकते. नुसते ‘जतन’ असे बोलावले आणि डिस्क भरलेली असली, तर सीपी फसताच स्क्रिप्ट थांबते व मूळ फाइल शाबूत राहते. पुढे कोणी चांगल्या हेतूने त्याच ओळीला || जोडून ‘जतन झाले नाही’ असा इशारा छापायची सोय केली, की सीपी फसल्यावरही तेच फंक्शन आरएमपर्यंत जाते, फाइल पुसते, आरएम यशस्वी झाल्यामुळे शून्य परत करते, आणि इशारा छापलाच जात नाही. फंक्शनच्या आत पुन्हा सेट -ई लिहूनही फरक पडत नाही. तिथे सीपी आणि आरएम && ने जोडणे, म्हणजेच निकाल स्वतः तपासणे, हाच उपाय आहे.

वेगळी तपासणी नको, हे दुसरे विधान त्यामुळे आधीच डळमळीत झालेले आहे. त्यात फंक्शनमध्ये एकाच ओळीत लोकल व्हेरिएबल जाहीर करून त्यात $( ) ने आतल्या कमांडने छापलेला मजकूर भरला, तर ती कमांड फसली तरी हाती येतो तो लोकलचा निकाल, आणि तो शून्य असतो. जाहीर करणे आणि भरणे या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. शिवाय बॅश नेहमीच्या रीतीने $( ) च्या आत सेट -ई बंदच करते. ते चालू ठेवण्याचा पर्याय २०१६ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे, पण तो स्वतः लावावा लागतो.

पाइपफेलचे दुखणे उलटे आहे. मजकुरात शब्द शोधणारी ग्रेप -क्यू ही कमांड हवा तो शब्द सापडताच बाहेर पडते, आधीची कमांड अजून लिहीत असेल तर तिला सिगपाइप हा, पुढे वाचणारे कोणी उरले नाही असे सांगणारा, सिग्नल मिळतो, तिचा निकाल १४१ होतो, आणि शब्द सापडूनही सगळी पाइपलाइन फसलेली ठरते. लिनक्सवर पाइपचा बफर (तात्पुरती साठवण) साधारणपणे ६४ किलोबाइटचा असल्याने चाचणीतल्या छोट्या फाइलवर हे बहुधा दिसत नाही. मोठ्या लॉगवर दिसते, तेही कधी दिसते, कधी नाही.

सेट -यू विषयी एवढेच, की ते किंमतच न दिलेले व्हेरिएबल पकडते, रिकामे पकडत नाही.

राहिले ‘थांबली म्हणजे चूक’. ग्रेपला काही सापडले नाही किंवा दोन फाइलींची तुलना करणाऱ्या डिफला फरक दिसला, तर निकाल १ येतो. या दोन्ही गोष्टी कित्येकदा अपेक्षितच असतात. ((क्रमांक++)) या ओळीत क्रमांकाची मूळ किंमत शून्य असली तर राशीचे मूल्य शून्य ठरते, म्हणून निकाल १ येतो आणि स्क्रिप्ट एकही शब्द न छापता बंद पडते. अशा वेळी स्क्रिप्ट प्रत्येक कमांड चालवताना छापणाऱ्या बॅश -एक्स ने चालवावी आणि अधिकचिन्हाने सुरू होणारी शेवटची ओळ पाहावी: मोजणी तिथे असेल, तर ती क्रमांक=$((क्रमांक+1)) अशी लिहिली की पुरते.