हेलन हॉब्ज यांच्यावरील लेखाला आलेल्या आक्षेपाचे उत्तर

अमेरिकेतील डॅलस येथील जनुकशास्त्रज्ञ हेलन हॉब्ज यांच्या संशोधनावर मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : कोलेस्टेरॉलच्या पातळीशी संबंधित पीसीएसके९ या जनुकाच्या शोधाचे श्रेय मॉन्ट्रियल आणि पॅरिसच्या संशोधकांचे आहे; डॅलसमध्ये हॉब्ज यांनी केवळ ‘लोकांचे रक्त गोळा करून आकडे जुळवले, याला रेणवीय जीवविज्ञान म्हणत नाहीत’; त्यातून आलेली औषधे सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहेत; आणि शेवटी, ‘आरती ओवाळण्यापूर्वी लेखकाने थोडा अभ्यास करावा’.

मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती. परंतु ज्याला आपण ओळखत नाही, त्याला अभ्यासाचा उपदेश करण्याची ही कोणती पद्धत? निवृत्त होईपर्यंत मी जीवरसायनशास्त्र शिकवले आहे आणि कोलेस्टेरॉल हा विषय माझ्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. माझे थोरले काका चाळिशीत हृदयविकाराने गेले, वडील पन्नाशी ओलांडताच गेले, आणि दोघांच्याही पापण्यांवर आलेले पिवळसर चट्टे वाढलेल्या कोलेस्टेरॉलची खूण होते, हे घरात कोणालाच कळले नव्हते. ज्या घराने हे सोसले आहे, तेथल्या माणसाने या संशोधनाबद्दल कृतज्ञतेने लिहिले तर त्याला आरती म्हणणे मला शोभणारे वाटत नाही.

आता त्या रक्ताच्या वाक्याकडे येतो. डॅलस हृदय अभ्यास २००० मध्ये सुरू झाला तेव्हा रुग्णालयात येणारे रुग्ण न निवडता डॅलस परगण्यातील सर्वसाधारण रहिवासी निवडले गेले, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जाणीवपूर्वक निम्म्यावर नेले गेले. रक्त दिलेल्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. पीसीएसके९ अतिसक्रिय झाले की कोलेस्टेरॉल वाढते, हे २००३ मध्ये फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून दिसले होते. हॉब्ज आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोहेन यांनी त्याच्या उलट प्रश्न विचारला : ज्यांच्यात या जनुकापासून बनणारे प्रथिन कमी तयार होते, असे लोक असतील काय, आणि असल्यास त्यांचे काय होते? एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अतिशय कमी असलेल्या १२८ जणांच्या जनुकाचा क्रम त्यांनी वाचला, आणि २००५ मध्ये असे दोन बदल जाहीर केले की ज्यांमुळे प्रथिनाची निर्मितीच मध्ये तुटते. कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी सुमारे २ टक्के लोकांत ते आढळले, आणि त्यांचे एलडीएल सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते.

पुढचे पाऊल याहून मोलाचे आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. अमेरिकेतील दुसऱ्या एका दीर्घकालीन पाहणीत ३,३६३ कृष्णवर्णीयांचा १५ वर्षांचा पाठपुरावा उपलब्ध होता. त्यांपैकी ज्यांच्यात हे बदल होते, त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते, पण हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. मध्यम वयात स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करून एलडीएल जवळपास तितकेच उतरवले, तर काही वर्षांत हा धोका साधारण एक पंचमांशाने घटतो. जन्मापासून कमी असलेले एलडीएल आणि उशिरा उतरवलेले एलडीएल यांत किती अंतर आहे, हे २००६ च्या त्या निबंधाने माणसांतच दाखवून दिले. आपण ज्याला ‘आकडे जुळवणे’ म्हणता ते हे आहे.

त्याच वर्षी जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष असलेल्या एका तरुण स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिचे एलडीएल डेसिलिटरमागे अवघे १४ मिलिग्रॅम होते. ती निरोगी होती, अपत्यप्राप्तीत तिला अडचण आली नव्हती आणि ती व्यायाम शिकवत होती. हे प्रथिन रोखल्याने माणसाला अपाय होईल काय, या औषधनिर्मात्यांच्या सर्वांत मोठ्या शंकेचे उत्तर त्या एका व्यक्तीच्या प्रकृतीत बऱ्याच अंशी मिळत होते. जनुक सापडणे आणि ते रोखणे सुरक्षित असल्याची खात्री पटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीशिवाय पहिलीतून औषध निघत नाही. हे प्रथिन रोखणाऱ्या अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या औषधांना अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे २००५ च्या त्या पहिल्या निबंधापासून दहाच वर्षांत.

राहिले रेणवीय जीवविज्ञान. पीसीएसके९ यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील एलडीएल रिसेप्टरला, म्हणजे रक्तातील एलडीएल पकडून पेशीत घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि त्याला पेशीच्या आत नष्ट होण्याच्या मार्गाला लावते. रिसेप्टर घटले की रक्तातील एलडीएल वाढते. ते रिसेप्टरच्या नेमक्या कोणत्या भागाला चिकटते, हे २००७ मध्ये दाखवणाऱ्या निबंधाच्या लेखकांत हॉब्ज आहेत. इतके ठाम विधान करण्यापूर्वी तो निबंध चाळण्याचे कष्ट आपण घेतले असते, तर बरे झाले असते.

नबील सैदा, कॅथरीन ब्वालो आणि मारियान अबिफादेल या मॉन्ट्रियल आणि पॅरिसच्या संशोधकांच्या कामाला माझ्या लेखात एकच वाक्य मिळाले, हे मान्य आहे. आणखी एक परिच्छेद द्यायला हवा होता. परंतु त्यांचे श्रेय मी कोठेही हॉब्ज यांच्या नावावर लिहिलेले नाही.

औषधांच्या किमतीचा मुद्दा स्वतंत्र आहे. सुरुवातीला अमेरिकेत वर्षाला सुमारे १४,००० डॉलर आकारले गेले, ते अवाजवी होते आणि पुढे कमी करावे लागले. किंमत कंपन्या ठरवतात. त्याचा जाब प्रयोगशाळेतील संशोधकाला विचारण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

२००५ किंवा २००६ च्या निबंधातील पद्धतीवर, निवडलेल्या गटावर किंवा निष्कर्षांवर आपला आक्षेप असेल, तर तो अवश्य लिहावा, मी सविस्तर उत्तर देईन. माझ्या अभ्यासाविषयीच्या शेऱ्यांना मात्र यापुढे उत्तर देणार नाही.