दोनशे छप्पन्न बिलं

बेळगावच्या खडेबाजारात काकांचं कुंद्याच्या मिठाईचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठीत विचारतं, काका कन्नडमध्ये भाव सांगतात आणि घासाघीस दोन्ही भाषांत होते. घरातला एकमेव इंजिनियर म्हणून मी त्यांना जुनी बिलं पुसणारा पायथन प्रोग्राम लिहून दिला. बारा ओळी. कामाची एकच: पायथनमधून कॉम्प्युटरला आज्ञा सोडणाऱ्या ओएस डॉट सिस्टिमच्या कंसात 'आरएम'ची, म्हणजे पुसून टाकायची, आज्ञा.

आमच्याकडे कचेरीबाहेर टेबल टाकून कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारे असतात. आपण मराठीत गाऱ्हाणं सांगायचं, तो त्याच्या परीनं लिहितो, लिपी न येणारा माझ्यासारखा माणूस खाली सही ठोकतो. ही सिस्टिमही तसलीच. आपलं वाक्य अख्खं शेल नावाच्या मध्यस्थाकडे द्यायचं आणि दारात ताटकळत उभं राहायचं. तो ते स्वतःच्या व्याकरणानं वाचतो. मोकळी जागा दिसली की शब्द तोडतो, अर्धविराम दिसला की नवी आज्ञा समजतो. आरडाओरडा सगळा स्क्रीनवर. प्रोग्रामच्या हातावर टेकवतो फक्त एक आकडा.

काकांचे फोल्डर दोन: 'बिलं' आणि 'बिलं जुनी'. दोन शब्द एकत्र बांधणारी अवतरणचिन्हं घालायचा मी आळस केला. शेलला ऐकू आलं, 'बिलं' पूस, 'जुनी' पूस. 'बिलं' गेलं. 'जुनी' सापडेना म्हणून आरएम कुरकुरलं, पण डबल क्लिकनं चालणाऱ्या प्रोग्रामला कुरकुर दाखवायला खिडकीच नव्हती. आकडा आला. तो मी मोठ्या अक्षरांत झळकवला: '256 जुनी बिलं काढली.'

काका खूश. मला पाव किलो कुंदा मिळाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 256. तिसऱ्या दिवशीही. "रोज बरोब्बर दोनशे छप्पन्न? काय करूलास रे?" मग फोल्डर उघडायला गेलो. उघडायला फोल्डर कुठे होता!

आरएमनं 1 म्हटलं होतं, म्हणजे बिघडलं. युनिक्स नावाच्या प्रणालीच्या रिवाजानं तो 1 आठ बिट डावीकडे सरकून, म्हणजे आठ वेळा दुप्पट होऊन, येतो. त्याचे होतात 256. म्हणजे मी अपयशाचा कुंदा खाल्ला होता. आरएमला कचऱ्याची टोपलीही ठाऊक नाही, गेलं ते गेलं. पण काकांचा कॉम्प्युटरवर मुळातच विश्वास नव्हता. कार्बन घातलेली बिलबुकं कपाटात होती. चार रात्री मी ती टाईप केली.

आता सबप्रोसेस वापरतो. त्यात प्रत्येक शब्द वेगळा मोजून द्यायचा, मध्यस्थ नाही. ही सोय पायथनमध्ये 2004 सालापासून आहे. तेव्हा मी चौथीत होतो, वाचायला वेळ भरपूर मिळाला होता म्हणायचा.

नवा प्रोग्राम चालवला. पडद्यावर 0 आला.

"शून्य?" काका म्हणाले.

"शून्य म्हणजे सगळं नीट झालं, काका."

त्यांनी गल्ला बंद केला. "आधीचा बरा होता की. दोनशे छप्पन्न तरी म्हणायचा."