घोडीचे दात आणि माझा खिसा

दर वर्षी तेच! घोडीनं अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले बोळे गव्हाणीत टाकले की माझ्या पोटात गोळा येतो. घोड्याचे दात वर्षाला २-३ मिलिमीटर वर येतच राहतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, म्हणून कडा झिजत नाहीत, धारदार होतात आणि गाल कापतात. त्या कानशीनं घासायच्या, बस्स. पण आमच्या पंचवटीत गाईम्हशींचे डॉक्टर सापडतात. घोड्याच्या तोंडात हात घालणारा मला पुण्याहून बोलवावा लागतो. गाडीभाडं वेगळं, भुलीचं इंजेक्शन वेगळं, घासणं वेगळं! चार वरातींची कमाई एका सकाळीत जाते. परवा तिच्या गालाच्या आत बोट फिरवलं, तर रक्त लागलं. मुकं जनावर, लगाम ओढला की नुसती मान झटकतं. पैसे देणारच आहे हो मी. पण एवढे?