‘हेक्स कोड कशाला शिकायचे?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जळगाव-धुळ्याकडे वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘हेक्स कोड समजून घेण्यात वेळ घालवू नका. कलर पिकर (रंग निवडायचं टूल) कोड देतो, सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) रंगांची नावं आहेत, उरलेलं एआय करतं.’ हेक्स कोड म्हणजे रंग सांगणारा, # ने सुरू होणारा सहा अंकी कोड; तो सोळाच्या पद्धतीत, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ वापरून लिहितात. मला या मेसेजमधला एकही मुद्दा पटत नाही.

पिकर कोड देतो, हे खरं. पण पुढे? समजा, केळीचे भाव दाखवणारी साईट आहे. रावेरचा शेतकरी मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बांधावर उभा राहून ती उघडतो. भाव पांढऱ्यावर राखाडी अक्षरांत. सुलभतेच्या निकषांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो. #७७७७७७ चा भरतो ४.४८, म्हणजे नापास. #७६७६७६ चा ४.५४, म्हणजे पास. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच. शिवाय जेमतेम पास होणारा रंग त्या उन्हात काय कामाचा? कोड वाचता येणाऱ्याला माहीत असतं की सहा अंकांतली पहिली जोडी लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी; तिन्ही सारख्या म्हणजे राखाडी, आणि आकडा उतरवला की रंग गडद. तो तिथल्या तिथे #५५५५५५ करतो, कॉन्ट्रास्ट ७ च्या वर जातो.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. सीएसएसमधला ‘ग्रे’ आहे #८०८०८० आणि ‘डार्कग्रे’ #ए९ए९ए९. म्हणजे ‘डार्क’ म्हणवणाराच जास्त फिकट!

एक मान्य करतो. कोड पाठ करायची गरज नाही. एक कोटी ६७ लाखांवर रंग कोण पाठ करणार? सोळाच्या पटीत हाताने हिशेब करायचीही नाही. जोड्यांची जागा आणि ०० ते एफएफ म्हणजे ० ते २५५, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

राहिलं एआय. त्याने दिलेला कोड तपासणार कोण? कधी कोड सहाऐवजी आठ अंकी असतो; त्यातली शेवटची जोडी पारदर्शकतेची. #००००००५० बघून पोरं म्हणतात, ५० टक्के काळा. पण हा ५० सोळाच्या पद्धतीतला, म्हणजे २५५ पैकी ८०, जेमतेम ३१ टक्के. निम्मा काळा हवा तर तिथे ८० लिहावे लागतात. त्यात अँड्रॉइडमध्ये हीच जोडी सुरुवातीला येते. तिथला आठ अंकी कोड जसाच्या तसा वेबवर चिकटवला, तर ब्राउझर एरर देत नाही, गुपचूप भलताच रंग दाखवतो.