साठ आकार, साठ लेअर. एवढंच मागतोय!

साठ आकारांचा चेहरा, एसव्हीजी फाईलमध्ये (आकारांचं वर्णन साठवणारी चित्राची फाईल) काढलेला. प्रत्येक आकार वेगळ्या रास्टर लेअरवर, म्हणजे पिक्सेलच्या स्वतंत्र थरावर हवा, कारण पुढे ॲनिमेशनमध्ये पापणी, बुबुळ, भुवई स्वतंत्र हलवायची आहे. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली की काय मिळतं? एकच लेअर! अरे, एसव्हीजी ही साधी मजकुराची फाईल असते, 2001 पासूनचं खुलं मानक आहे. त्यात प्रत्येक आकार वेगळा लिहिलेला असतो, त्याला आयडीही देता येतो. मग सॉफ्टवेअरवाल्यांनो, ती माहिती उघडतानाच फेकून का देता?

मग बसा हाताने. आकार निवडा, कॉपी, नवा लेअर, पेस्ट, रास्टराइझ (आकाराचे पिक्सेल करणं). साठ वेळा! पेस्ट केलेला आकार मूळ जागी बसेल तर शपथ. थेट कॅनव्हासच्या मधोमध, भुवई नाकावर! आणि नावं? 'लेअर 47', 'लेअर 47 कॉपी'. यातली डावी पापणी कुठली, कोण सांगणार?

एवढं करूनही खेटून असलेल्या आकारांमध्ये केसाएवढी फिकट रेघ दिसतेच. कडेचा पिक्सेल दोघांनी अर्धा-अर्धा झाकलेला असतो, पण वेगळे रास्टर करून एकावर एक ठेवले की 50 आणि 50 मिळून 100 होत नाहीत, 75 टक्केच भरतात; दुसरा आकार उरलेल्या 50 मधले निम्मेच झाकतो. उरलेल्यातून पार्श्वभूमी डोकावते. मग खालचा प्रत्येक आकार पिक्सेल-दोन पिक्सेल वाढवत बसा.

आणि शेवटी निरोप येतो, 'दुप्पट मोठं हवंय.' झालं! पिक्सेल ताणले की धूसर होतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, साठच्या साठ.

एक बटण द्या हो. जितके आकार तितके लेअर, नावं तीच, जागा तीच!